दोन बोटांमधली तार

आज जे लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मालकांना नाही, आणि ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं त्याला ते आधीपासूनच माहीत होतं, म्हणून त्यालाही नाही. आमच्या शाईच्या कारखान्यात बारा वर्षांपूर्वी एक बॅच बिघडली. त्या बॅचच्या कागदावर कारणाच्या रकान्यात ‘मिक्सिंगमध्ये हयगय’ असं लिहिलेलं आहे आणि खाली कल्लाप्पा आण्णांची सही आहे. सही त्यांची, पण वरचं अक्षर माझं. हयगय त्यांची नव्हती. चूक माझी होती. कल्लाप्पा आण्णांना जाऊन आता सहा आठवडे झाले.

त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत शाईचा दाटपणा मोजत होतो. काचेची एक वाकडी नळी असते, तिच्यावर दोन खुणा असतात, वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत शाई उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात फोन. “सर, बाबा गेले. सकाळी चहा घेऊन दारात बसलते... कप हातातच होता.” मी हो हो म्हणालो, कधी नेणार ते विचारलं, फोन ठेवला. घड्याळाकडं पाहिलं तर ते चालूच होतं. शाई कधीच उतरून गेली होती. मी नळी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा मोजलं. आकडा बरोबर आला. वहीत लिहिला. मग स्टुलावर बसलो आणि पुढं काय करायचं असतं ते मला आठवेना. त्या दिवशी मी निपाणीकडं, त्यांच्या गावी, गेलो नाही. काम होतं असं घरी सांगितलं. काम नव्हतं.

आमचा कारखाना बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आहे. तेलाच्या पाऊचवर, बिस्किटांच्या खोक्यांवर, बियाण्यांच्या पाकिटांवर तारीख आणि बॅच नंबर छापतात ना, ती छापणाऱ्या इंकजेट यंत्रांची शाई आम्ही करतो. मी तिथं लागलो तेव्हा रसायनशास्त्राची पदवी ताजी होती आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. कल्लाप्पा आण्णा माझ्याआधीपासून मिक्सिंगला होते. निपाणीच्या पलीकडचं त्यांचं गाव. आजा, बाप आणि ते स्वतः, तिघंही गुळवे. गुऱ्हाळात रस उकळायच्या मोठ्या काहिलीजवळ उभा राहून रस कधी झाला, कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. गावचा ऊस साखर कारखान्याला जायला लागला, एकेक गुऱ्हाळ बंद पडलं, आणि आण्णा बेळगावजवळच्या काकतीत एक खोली घेऊन आमच्याकडं कामाला आले. शनिवारी संध्याकाळी गावची एसटी, सोमवारी सकाळी परत. डब्यात कायम भाकरी, आणि भाकरीबरोबर गूळ. दुसऱ्याच्या गुऱ्हाळातला गूळ खाताना ते आधी हुंगायचे आणि म्हणायचे, “जरा गडबड केल्यात बगा ह्येनी.”

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट, दोन्ही काळी होती. धुऊन जाण्याच्या पलीकडं गेलेली. पोरं त्यांना चिडवायची, “आण्णांचं रोजच मतदान असतंय!” आण्णा म्हणायचे, “व्हय रं, पर निवडून कोनबी येत न्हाय.” बोटं काळी होण्याचं कारण त्यांची सवय. शाई तयार झाली, की ते टाकीतला एक थेंब अंगठ्यावर घ्यायचे, त्यावर बोट टेकवायचे आणि दोन्ही हळूच लांब करायचे. मध्ये शाईची तार निघते. बारीक, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारी. ती तुटेपर्यंत आण्णा पुटपुटायचे, “आली... आली... गेली.” काहिलीतल्या पाकाची तार त्यांच्या घरात अशीच बघायचे म्हणे, आणि हे शब्दही बापाचेच. ‘आली’ किती वेळा म्हणून होतंय यावर त्यांचा निर्णय. आमच्या शाईला एकदा ‘आली’ म्हणून लगेच ‘गेली’ यायला पाहिजे.

हे मला तेव्हा अडाणीपणाचं वाटायचं. आता समजावून सांगतो, कारण आण्णा बरोबर होते आणि का बरोबर होते हे कुणीतरी लिहायला हवं. इंकजेटच्या यंत्रात छपाईचा जो भाग असतो त्याला हेड म्हणतात. त्याला केसाहून बारीक भोकं असतात. त्यातून शाईचा एकेक थेंब उडतो आणि हेड कागदाला किंवा प्लास्टिकला न शिवताच तो त्यावर जाऊन पडतो. थेंब सुटताना त्याच्यामागं एक शेपटी निघते. शाई नुसती पातळ असेल तर ही शेपटी ताबडतोब तुटून तिचे बारीक मणी होतात, ते आजूबाजूला पडतात आणि आकड्याभोवती धूळ बसल्यासारखी दिसते. म्हणून शाईत थोडं पॉलिमर घालायचं. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळीचे रेणू, आमच्याकडं पांढऱ्या पावडरीच्या पोत्यातून येतात. त्यानं शाई प्लास्टिकला धरते, आणि शेपटीसुद्धा क्षणभर तग धरते. तेवढ्यात ती थेंबात ओढली जाते, ठिपका गोल पडतो. पण साखळ्या फार लांब असल्या तर शेपटी तुटतच नाही. थेंब भोकाला लोंबकळतो, रबरासारखा मागं खेचला जातो, भोकाच्या तोंडाला शाई माखते, वाळते, आणि भोक बुजतं. गंमत अशी की हे सगळं काचेच्या नळीत दिसत नाही. नळी फक्त दाटपणा सांगते. दोन शाया नळीतून अगदी एकाच वेळात उतरतील आणि यंत्रात एक शहाण्यासारखी वागेल, दुसरी सगळी भोकं बुजवेल. दाटपणा वेगळा आणि तार वेगळी.

आण्णांना हे शिकवावं लागलं नव्हतं. ते त्या पांढऱ्या पावडरीला ‘भेंडी’ म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. तर गुऱ्हाळात रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात घोळतात, ते बुळबुळीत पाणी उकळत्या रसात टाकतात, मग मळी वर येते आणि काढता येते. ते पाणी दाट नसतं, पाण्यासारखंच ओघळतं, पण हात वर काढला की हातभर तार येते. “भेंडी लई झाली तर गूळ चिवट, कमी झाली तर काळा,” आण्णा सांगायचे. “हितं पन तसंच की वो.” मला पुस्तकातून जे कळायला पुढं पाच-सहा वर्षं लागली, ते त्यांच्या घरात भेंडीच्या पाण्यात हात घालून कळलेलं होतं.

ती बॅच तेलाच्या पाऊचवाल्या एका गिऱ्हाइकाची. आमचं नेहमीचं पॉलिमर पुरवठादाराकडं संपलं होतं. त्यानं दुसऱ्या जातीचं पाठवलं, त्याच कुळातलं, पण जास्त लांब साखळीचं. पोत्याबरोबरच्या कागदावर ते स्पष्ट छापलेलं होतं. मी वाचलं होतं. हेही सांगून टाकतो, नजरचुकीनं झालं असं नाही. वाचून मी विचार केला, लांब आहे तर कमी घालू. थोडं थोडं कमी करत नेलं, नळीत नेहमीचे सेकंद आले, माझ्या दृष्टीनं काम झालं. पावडर बदलल्याची नोंद मी केली नाही. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी नेहमीच्या मालाची वाट बघायला लावली असती, आणि मला वाट बघायची नव्हती. त्याच महिन्यात मालक पुण्याहून कुणी अनुभवी माणूस आणावा असं बोलत होते. प्रयोगशाळा माझ्या एकट्याच्या जिवावर चालते हे मला दाखवायचं होतं.

आण्णांनी अंगठा बुडवला. बोट टेकवलं. “आली... आली... आली... आली... गेली.” मग माझ्याकडं बघून, “सायेब, ही भेंडी आपली न्हवं.”

“आकडा बरोबर आहे आण्णा.”

“आकडा आसंल वो. तार बगा की.” त्यांनी दोन्ही बोटं माझ्या तोंडासमोर धरली. मी बघितलं नाही. ते म्हणाले, “दोन दिस पंपावर फिरवत ठिऊया. बारीक जाळीतनं जाऊन जाऊन दमंल, मग तुटंल.” हेसुद्धा खरं होतं. लांब साखळ्या बारीक जाळीतून पुन्हा पुन्हा ढकलल्या की ताणून तुटतात, तार आखूड होते. दोन दिवसांत ती शाई सुधारली असती. पण दारात गाडी उभी होती, पोरं कॅन भरायला थांबली होती आणि सगळे ऐकत होते. मी म्हणालो, “हे गुऱ्हाळ नव्हे आण्णा.” पोरं हसली. आण्णाही हसले. “गुराळ न्हवं,” म्हणाले, “पर काहील तीच.” आणि टाकीचा नळ सोडला.

आठवड्याभरात फोन आला. पहिला अर्धा दिवस छपाई बरी आली, मग आकड्यांना शेपट्या फुटल्या, तीन की आठ ते कळेना, मग ओळीच्या ओळी गायब. त्यांच्या माणसानं यंत्राचं हेड सोडवून धुतलं, काही उपयोग झाला नाही. कॅन परत आले. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मालक वाईट माणूस नाहीत. त्यांना त्या बोट बुडवण्याची पहिल्यापासून किळस होती एवढंच. घाम, माती, तंबाखू, काय काय जात असेल शाईत, असं ते नेहमी म्हणायचे. त्यांनी थेट विचारलं, “आण्णा, परत बोट घातलासा काय शाईत?”

“घातलतं, मालक.”

खरं तेच सांगितलं त्यांनी. आणि मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, गयावया नाही. आता तुम्ही बोलायचं, एवढंच त्या बघण्यात होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं, मालक, पावडर मी बदलली. सहा-सात सेकंद गेले असतील. सेकंद मोजणं हे माझं कामच आहे, म्हणून सांगतो. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर एक कुत्रं परत आलेल्या कॅनच्या सावलीत झोपायला जागा बघत होतं... मालक म्हणाले, “झालं तर मग. कारण लिहा आणि सही घ्या.” मी लिहिलं. आण्णा सातवी शिकलेले, ओठ हलवत वाचायचे. त्यांनी कागद पूर्ण वाचला. ‘हयगय’ या शब्दावर ओठ थांबले. मग काळं बोट रेघेवर ठेवून मला विचारलं, “हितंच करू न्हवं सही?” मी हो म्हणालो. सही करून त्यांनी माझ्या पेनाला टोपण लावलं आणि पेन मला परत दिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “चला सायेब, चा घिऊया.” आम्ही चहा घेतला. ते त्यांच्या गावच्या एका लग्नाबद्दल बोलत होते.

त्यांची नोकरी गेली नाही. मिक्सिंग गेलं. त्यांना डिस्पॅचला, कॅनवर लेबलं लावायच्या टेबलावर बसवलं. टाकीजवळच्या भिंतीवर ‘शाईत बोट घालण्यास सक्त मनाई आहे’ असा बोर्ड लागला, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. मजकूर मीच दिला होता. आण्णांनी दोन्ही मोठ्यानं वाचले आणि म्हणाले, “दोनी भाषंत मलाच सांगितलंय.” पोरं पुन्हा हसली.

पुढचं सांगायला जास्त जड जातं. त्या बॅचनंतर मला नळीवर भरवसा उरला नाही. प्रत्येक बॅच तयार झाली की मी छोट्या बीकरमध्ये थोडी शाई घेऊन, वर रुमाल टाकून, डिस्पॅचच्या टेबलाशी जायचो. लेबलं तपासतोय असं दाखवायचो. आण्णा अंगठा बुडवायचे. “आली... गेली. पाठवा.” किंवा, “आली... आली... ठिवा अजून.” पाच वर्षं हे चाललं. बोर्ड भिंतीवर, मनाई दोन भाषांत, आणि रुमालाखाली तीच बोटं. पाच वर्षांत एकही बॅच परत आली नाही. मालक लोकांना सांगायचे, आमचा लॅबवाला पक्का आहे. एकदाही आण्णांनी ‘आज न्हाय बगत’ असं म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं असं मला त्या वेळीही वाटायचं.

मग मी ते यंत्र केलं. काचेच्या दोन बारीक चकत्या, मध्ये शाईचा थेंब, स्प्रिंगनं चकत्या झटकन लांब होतात आणि मोबाइलचा कॅमेरा मंद गतीत तार तुटेपर्यंतचा वेळ टिपतो. आण्णांचं ‘आली, गेली’ मी सेकंदाच्या बारीक तुकड्यांत मोजलं. बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका हॉलमध्ये आमच्या विक्रेत्यांचा मेळावा झाला, तिथं मी ते चालवून दाखवलं. शाल आणि श्रीफळ मिळालं. कुणीतरी विचारलं, “ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?” मी म्हणालो, “अनुभवातून.” एवढा एकच शब्द. आण्णा मागं कॅन मांडून उभे होते. मेळावा संपल्यावर ते यंत्राजवळ आले, वाकून चकत्या बघितल्या, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “माजी दोन बोटं काचंत घातलासा की वो!” तेच पुढं म्हणाले, “बरं झालं. आता ती म्हातारी व्हायची न्हाईत.” शाल अजून माझ्या कपाटात आहे. घडी मोडलेली नाही. त्यानंतर मी रुमाल घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो नाही. गरज राहिली नव्हती.

चार वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन गावी गेले. दरवर्षी गुऱ्हाळं सुरू झाली की मला गुळाचा एक खडा घेऊन यायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. या खेपेला आले ते आमचं शेवटचं भेटणं. बारीक झाले होते. प्रयोगशाळेत बसले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, “बोर्ड काढलासा व्हय?” भिंती रंगवताना तो उतरवला होता, पुन्हा लावलाच नव्हता. मी म्हणालो, “बघताय का एक?” ते बेसिनपाशी जाऊन हात धुऊन आले. तेव्हा मला दिसलं की त्यांची दोन्ही बोटं स्वच्छ झाली होती. चार वर्षांत नवं कातडं आलं होतं. त्या बोटांनी त्यांनी तार काढली. “आली... गेली. चांगली हाय.” मी धीर करून म्हणालो, “आण्णा, ती त्या वेळची बॅच...”

“कंची?”

त्यांना माहीत होतं कोणती. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि केबिनमधल्यासारखाच पुन्हा खिडकीकडं बघितलं. “काही नाही,” म्हणालो.

“मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. गुळाचा पुडा टेबलावर सरकवून बसच्या वेळेला निघून गेले.

आण्णा वारल्यावर आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. सगळा रस्ता मी बोलायचं वाक्य मनात म्हणत होतो. दारात आक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, बसल्या होत्या. आत सुजाता. ती निपाणीत हायस्कूलवर विज्ञान शिकवते. मला बघून उठली आणि मी काही बोलायच्या आत वाकून नमस्कार केला. म्हणाली, “सर, बाबा नेहमी सांगायचे. त्यांच्या हातनं एकदा मोठी चूक झालती, मालक घरी बसवणार होते, तुम्ही मध्ये पडलासा म्हणून नोकरी टिकली. माझं बी.एड. त्या नोकरीवर झालंय सर.” आण्णांनी घरी असं सांगितलं होतं. का, ते मला माहीत नाही. माझी कीव म्हणून असेल... घरात एका माणसाबद्दल तरी चांगलं बोलावं म्हणून असेल. मी त्यावर लिहून लिहून अर्थ काढणार नाही. माझ्या तोंडून निघालं, “असू दे, असू दे.” तिनं केलेला नमस्कार मी घेतला. आक्का म्हणाल्या, “सायेबास्नी चा दे गं.” तो चहा मी प्यालो.

निघताना सुजातानं फळीवरून, त्यांच्या दाढीच्या सामानाजवळून, एक छोटी काचेची बाटली काढली. “हे काय आहे सर? आम्ही टाकून द्यायला निघालतो. आई म्हणाली, कारखान्यातलं आहे, विचारून टाक.” प्रत्येक बॅचचा नमुना आम्ही ज्या बाटलीत ठेवतो तसली बाटली, काळी शाई भरलेली, बूच मेणानं बंद. लेबलवर त्या बिघडलेल्या बॅचचा नंबर. पुढं पेन्सिलीनं साल आणि सालासमोर उभ्या बारीक रेघा. दर सालाची एक ओळ. पहिल्या ओळीत चार रेघा, दुसरीत चार, तिसरीत चार. लेबल पुरलं नाही म्हणून खाली कागद चिकटवून पुढं चालू. शेवटची ओळ गेल्या पाडव्याची, रेघा जरा वाकड्या, पण चारच. “बाबा दर पाडव्याला ती उघडून बोटानं काय तरी बघायचे,” सुजाता म्हणाली, “आणि परत मेण लावून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, दमती का बगतो. कोण दमतंय, काय कळायचं नाही आम्हाला.”

तेव्हा सांगता आलं असतं. ती विज्ञानाची शिक्षिका आहे, तिला दोन मिनिटांत कळलं असतं. ती समोर उभी होती, बाटली तिच्या हातात होती आणि तिनं सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, “टेस्टिंगचं असतं ते. जुनं.” ती म्हणाली, “मग तुम्हीच न्या सर.” मी बाटली शर्टाच्या खिशात ठेवून आलो.

हे लिहून झाल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला देण्याआधी मालकांना दाखवलं. त्यांनी सावकाश वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आता कशाला?” म्हणाले. शेवटी तेच म्हणाले, “मी बोटाचं विचारलं, पावडरीचं विचारायला पाहिजे होतं.” मग जुन्या फायलींच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढं ठेवली. तो कागद मी काढला. ‘मिक्सिंगमध्ये हयगय’ यावर आडवी रेघ मारली, शेजारी ‘पॉलिमर बदलल्याची नोंद केली नाही’ असं लिहिलं, आणि खाली माझी सही केली. आण्णांची सही तशीच राहिली. ती खोडायचा अधिकार मला नाही.

बाटली माझ्या टेबलावर आहे, नळीच्या शेजारी. परवा सकाळी मी मेण काढलं, हात धुतले आणि अंगठा बुडवला. आमच्या यंत्राजवळ उभा राहून मी आयुष्यात पहिल्यांदा बोटानं तार काढली. चार वेळा ‘आली’ म्हणून झालं, मग तुटली. बारा वर्षांत ती शाई दमलेली नाही. लेबलवर मी नवी ओळ लिहिली नाही. पुन्हा मेण लावून ठेवली. अंगठ्यावरचा डाग आज तिसऱ्या दिवशीही आहे.

सुजाता हा लेख कदाचित वाचेल. तरी पुरवणीत वाचणं निराळं, आणि माणसानं समोर बसून सांगणं निराळं. तिच्या वडिलांची चूक नव्हती, मी कुणाची नोकरी वाचवलेली नाही, आणि त्या चार रेघा कशाच्या आहेत, हे त्या घरात जाऊन, आक्का आणि सुजाताच्या समोर, मी अजून सांगितलेलं नाही.